हाडांचीं काडें

महाविद्यालयांत वाङ्मय शिकवूं लागल्यास आम्हांला आतां जवळजवळ तीस वर्षें होत आलीं. अतिशयोक्तीचें उदाहरण घरगुती बोलण्यांतून द्यावयाचें झालें म्हणजे ‘हाडांचीं काडें करणें’ हा वाक्प्रचार आमच्या जिभेवर सर्वांआधीं येतो. विद्यार्थ्यांना तो चटकन् पटतो. कारण प्रत्येकानें तो आपल्या आईच्या तोंडून शंभर वेळां तरी ऐकलेला असतो. काळजीनें हाडें झिजलीं, संसारापायीं हाड न् हाड खिळखिळें झालें, ही आपल्या बायकांची नित्याची भाषा. चिंता आणि चिता यांत एका अनुस्वाराचेंच काय तें अंतर, असें आमचे जुने शास्त्रीबोवा सांगत. या साऱ्या बोलण्यांत सत्याचा अंश किती आणि अलंकाराचा किती, याची वांटणी करीत बसणें हें रसिकाचें काम नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु एक प्राणी असा आहे कीं त्याच्या बाबतींत हा वाक्प्रचार अक्षरशः, अगदीं तोळामाशाच्या हिशेबानें खरा आहे. आणि तो प्राणी कोठें रानावनांत शोधावयास नको. त्याच्या कष्टाचें फळ आपल्यापैकीं निम्म्या घरांत रोज सकाळीं तव्यावर पसरतें. आम्ही कोंबडीविषयीं बोलत आहों.

या विषयाकडे आम्ही वळलों तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. हा गृहस्थ दोन वर्षें आमच्या वर्गांत मागच्या बांकावर बसून कविता ऐकत असे. पुढें त्यानें शिक्षण सोडलें, गांवीं वडिलार्जित चार एकर जमीन होती तिच्यावर बँकेचें कर्ज काढून शेड उभारली, आणि आज तो पांच हजार कोंबड्यांचा धनी आहे. गेल्या मे महिन्यांत एका लग्नाच्या निमित्तानें त्या बाजूस जाणें झालें, तेव्हां त्यानें मोठ्या आग्रहानें आम्हांला शेड पाहावयास नेलें. लोखंडी जाळीच्या खणांच्या लांबच लांब ओळी, एकावर एक चढविलेल्या. पुढें खाद्याचें पन्हळ, खालीं उतरती जाळी, म्हणजे घातलेलें अंडें आपोआप घरंगळत पुढें यावें. अठरा इंच लांब व पंधरा इंच रुंद अशा एकेका खणांत चार चार कोंबड्या. मनांतल्या मनांत आम्हीं भागाकार केला : एकीच्या वांट्याला साडेसदुसष्ट चौरस इंच. टंकलेखनाचा साधा कागद याहून मोठा असतो.

एका खणांत एक कोंबडी कुशीवर पडली होती. पाय ताठ लांब झालेले, मान मात्र वर, आणि डोळा पूर्ण जागा. बाकीच्या तिघी तिच्या अंगावरून खाद्याकडे जात होत्या. “मेली काय रे?” आम्हीं विचारलें. “नाहीं सर. तिच्या हाडांतला चुना संपला,” तो म्हणाला. “बाहेर काढून भुश्यावर ठेवली, शिंपल्याचा चुरा पुढ्यांत टाकला, कीं पुष्कळदां चार-पांच दिवसांत उठते. नाहीं उठली तर गेली.” इतकें बोलून त्यानें तिला दोन्ही हातांनीं अलगद उचललें आणि गड्याच्या स्वाधीन केलें. पिंजऱ्यांची पद्धत सर्वत्र रूढ झाल्यावर, विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, पशुवैद्यांनीं या दुखण्यास ‘केज लेयर फटीग’ असें नांव दिलें. फटीग म्हणजे थकवा. नांव सौम्य आहे. वस्तुतः पाठीचा कणा किंवा पायाचें हाड आंतून पोखरून मोडावयास आलेलें असतें.

चुना संपतो म्हणजे काय, हें समजण्यास अंड्याच्या कवचाकडे पाहिलें पाहिजे. कवचाचे शेंकडा पंचाण्णवाच्या आसपास भाग निव्वळ कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शाळेच्या खडूचे. एका कवचांत सुमारें दोन ग्रॅम कॅल्शियम असतें. कोंबडीच्या साऱ्या सांगाड्यांत मिळून तें वीस ग्रॅमच्या आसपास भरतें. आजची उत्तम जातीची कोंबडी वर्षास तीनशें अंडीं घालते. म्हणजे स्वतःच्या सबंध सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम ती एका वर्षांत अंगाबाहेर टाकते! हिची रानांत राहणारी मूळ आजी, तांबडी रानकोंबडी, वर्षाकांठीं दहा-बारा अंडीं घालून, तीं उबवून, पिलें हिंडवून सुखी असे. माणसानें तिच्या नातीला निवडीच्या जोरावर पंचवीसपट कामाला लावलें, सांगाडा मात्र आजीचाच ठेवला.

बरें, हा पुरवठा करण्याची निसर्गाची योजना इतकी सुंदर आहे कीं ती वाचतांना आम्हांला एखाद्या उत्तम निबंधाच्या रचनेची आठवण झाली. कवच घडण्यास वीसएक तास लागतात, आणि त्यांतील मोठा भाग रात्रीं घडतो. रात्रीं कोंबडी खात नाहीं. रक्तांत एका वेळीं असणारें सारें कॅल्शियम कवचाच्या कारखान्याला जेमतेम पाव तास पुरेल एवढेंच. मग उरलेलें यावें कोठून? १९३४ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं कबुतरांच्या माद्यांत दाखवून दिलें कीं अंडीं घालण्याच्या दिवसांत त्यांच्या लांब हाडांच्या पोकळींत, जेथें एरवीं मज्जा असते तेथें, एक नवेंच भुसभुशीत हाड भरूं लागतें. मादीच्या अंतःस्रावांच्या हुकुमानें तें घडतें. तें भार पेलण्यासाठीं नसतेंच. तें कोठार आहे. दिवसा भरावें, रात्रीं उपसावें. आपल्या आजीबाईंनीं तांदळाच्या डब्यांत चार रुपये वेगळे खोवून ठेवावेत, त्यांतला हा प्रकार.

पण डब्यांतले रुपये रोज काढावे लागले आणि रोज तितकेच परत पडले नाहींत, तर एक दिवस घराचे वासे विकण्याची पाळी येते. कोठाराचें हाड उपसणाऱ्या पेशी खऱ्या, भार वाहणाऱ्या हाडासही सोडीत नाहींत, तेंही कुरतडतात. आणि गंमत अशी कीं अंडीं चालू असेपर्यंत हाड बांधणाऱ्या पेशी कोठार भरण्यांतच गुंतलेल्या असतात. वाशांकडे पाहण्यास त्यांना सवड नसते. ही सवड पूर्वीं कोंबडीला मिळे ती खुडूक बसल्यावर. आमच्या लहानपणीं गांवांत डालग्याखालीं झांकलेली खुडूक कोंबडी म्हणजे मोठी चिडखोर बाई. जवळ गेलें कीं पिसें फुलवून अंगावर येई, आणि शेजारीण ‘आतां महिनाभर अंडें नाहीं’ म्हणून कपाळावर हात मारी. अंडीं थांबलीं म्हणजे भार वाहणारें हाड पुन्हां घडूं लागतें, हें आज शास्त्र सांगतें. ती चिडखोर सुट्टी हाडांची सुट्टी होती. धंद्याच्या कोंबड्यांतून माणसानें खुडूक बसण्याची ओढच निवडून काढून टाकली आहे.

एवढें झाल्यावर ताणाचा प्रश्न येतो. ताण हा शब्द हल्लीं इतका स्वस्त झाला आहे कीं परीक्षेंत नापास झालेल्या मुलापासून विमान चुकलेल्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वजण तो वापरतात. १९३६ सालीं हान्स सेल्ये या माँट्रियल येथील संशोधकाचें एक छोटेखानी पत्र ‘नेचर’ या नियतकालिकांत छापलें गेलें. उंदरांना थंडी, जखम, विष, अतिश्रम, असा कोणताही जाच केला तरी त्यांचें शरीर एकाच ठराविक रीतीनें उत्तर देतें, मूत्रपिंडावरील ग्रंथि सुजतात, असा त्याचा आशय. त्या ग्रंथींतून जो रस निघतो त्यांतला पक्ष्यांमधील मुख्य म्हणजे कॉर्टिकोस्टेरोन. मेंदूनें भय ओळखावें, पिच्युटरीला निरोप द्यावा, तिनें या ग्रंथींना, आणि ग्रंथींनीं हा रस रक्तांत सोडावा. रानांत मुंगूस दिसलें तर याहून उपकारक रस दुसरा नाहीं : तो सांठविलेली साखर बाहेर काढतो, पळण्यास बळ देतो, आणि ज्यांना आज घाई नाहीं अशीं कामें तहकूब करतो. हाड बांधणें हें असेंच घाई नसलेलें काम. मुंगूस गेलें कीं रसही ओसरतो.

पिंजऱ्यांत मुंगूस येत नाहीं. पण मुंगसाचें भयही पुरतें जात नाहीं. शेजारणीची टोंच आहे, पंख पसरतां येत नाहीं, अंडें घालण्यास आडोसा नाहीं, उन्हाची तलखी आहे, ट्रॅक्टरचा अकस्मात् आवाज आहे. पळावें तर जागा नाहीं. मग रस थोडाथोडा पाझरतच राहतो, आणि पाहुण्यांसाठीं घातलेली तहकुबी कायमची होऊन बसते. हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात, आंतड्यांतून कॅल्शियम शोषलें जाण्याचें प्रमाण घटतें, तोडफोड मात्र चालू राहते. जिची वही आधींच नुकसानींत आहे तिच्या खात्यावर हें आणखी एक व्याज.

हें वाचतांना आम्हांला कोंबडीपेक्षां आमच्या मातोश्रींचीच आठवण अधिक झाली. अंड्यास त्यांनीं जन्मांत कधीं स्पर्श केला नाहीं, तेव्हां ही तुलना त्यांना मुळींच रुचली नसती. दम्यापायीं त्यांना वर्षानुवर्षें स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत. त्या गोळ्यांनींच त्यांना श्वास दिला, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु त्याच जातीच्या रसानें हाडही हळूहळू रितें होतें. बोस्टनच्या हार्वे कुशिंगनें १९३२ सालीं ज्या रोग्यांचें वर्णन केलें, त्यांच्या शरीरांत हाच रस आपण होऊन अतोनात वाढलेला असे, आणि त्यांचीही हाडें ठिसूळ झालेलीं होतीं. आईंचा कणा दरसाल थोडथोडा वांकत गेला. देवघराच्या ज्या फळीवरची समई त्या सहज उतरवीत, तिला शेवटीं त्यांचा हात पुरेनासा झाला. डॉक्टरांनीं दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीचें वेष्टन आम्हीं एकदां वाचलें. आंत होतें तें कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे अंड्याचें कवचच.

मात्र सर्व दोष ताणाच्या माथीं मारणें आम्हांला पसंत नाहीं. कित्येक कळवळ्याचे लेखक तसें करतात, आणि त्यानें पक्ष दुबळाच होतो. तीन गोष्टी एकांत एक गुंतल्या आहेत. जातीची निवड, हालचालीचा अभाव, आणि ताण. ज्यूलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्यानें १८९२ सालीं मांडलेला नियम आजही टिकून आहे कीं हाडावर जसा भार पडतो तसें तें घडतें. जी कोंबडी चालत नाहीं, उडी मारीत नाहीं, पंख फडफडवीत नाहीं, तिच्या हाडास मजबूत राहण्याचें कारणच उरत नाहीं. खाद्यांत तुम्ही कितीही चुना ओता.

आतां कोणी म्हणेल, मग सोडा त्यांना मोकळ्या. युरोपांतील राष्ट्रांनीं १९९९ सालीं कायदा करून १ जानेवारी २०१२ पासून ओके-बोके पिंजरे बंद केले. मोकळ्या घरांतील कोंबड्यांचे पाय आणि पंख बळकट निघाले, यांत संशय नाहीं. परंतु छातीच्या मध्यावर नावेच्या तळासारखें जें उभें हाड असतें, तें त्यांच्यांत राजरोस मोडलेलें सांपडूं लागलें. अंधारांत उंच दांड्यावरून उतरतांना आपटून मोडतें, असें प्रथम सर्वांस वाटलें. डेन्मार्कमधील एक मोठी पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली; तींत शेंकडा ऐंशीहून अधिक कोंबड्यांचें हें हाड मोडलेलें आढळलें, आणि पिंजऱ्यांतल्याही त्यांतून सुटल्या नव्हत्या. लहान अंगाच्या कोंबडीनें मोठें अंडें घालतांना आंतूनच दाब पडून त्याचें टोंक मोडत असावें, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. आम्हांला हें वाचून कांहीं वेळ पुस्तक मिटून ठेवावें लागलें.

शिवाय दुखणें उलट दिशेनेंही चालतें. हाड मोडलेल्या कोंबड्यांना वेदनाशामक औषध ज्या जागीं दिलें, त्या जागेकडे त्या पुढें आपण होऊन वळूं लागल्या. धड हाडांच्या कोंबड्यांनीं तशी आवड दाखविली नाहीं. २०२० सालच्या एका इंग्रज अभ्यासांत तर, ज्यांचें हें हाड मोडलें आहे त्यांच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागांत नव्या पेशींचें घडणें कमी झालेलें दिसलें; दीर्घकाळ ताणाखालीं राहिलेल्या प्राण्यांची हीच खूण. ताणानें हाड खचतें आणि खचलेल्या हाडानें ताण वाढतो. आमच्या वर्गांत याला आम्ही अन्योन्यालंकार म्हटलें असतें.

उन्हाळ्याचा प्रकार निराळाच, आणि तो आपल्याकडचा असल्यामुळें सांगणें भाग आहे. कोंबडीला घाम येत नाहीं. ती चोंच उघडून धापा टाकते, आणि धापांवाटे अंग थंड करते. परंतु धापेबरोबर कार्बन डायऑक्साइडही बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतें, आणि कवचाला लागणारा कार्बोनेटच अपुरा पडतो. त्यांत भूकही मंदावलेली. म्हणून वैशाखांतल्या अंड्याचें कवच हातांत घेतांच चिरतें. अमेरिकेंत कोंबड्यांना सोडावॉटर पाजून पाहिलें, तर कवच सुधारलें! हें आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें तेव्हां तो मनसोक्त हंसला. “सर, मजुरांना मी ताक पाजतों तें परवडत नाहीं.”

त्याच्या हंसण्यांत कडवटपणा नव्हता. पण त्यानंतर ओट्यावर बसून त्यानें जो हिशेब मांडला तो आम्हांला सहजासहजीं खोडतां आला नाहीं. कर्जाचा हप्ता दर महिन्यास ठरलेला. मका आणि सोयाबीन यांचे भाव त्याच्या हातीं नाहींत, अंड्याचा भावही नाहीं. १९८२ सालीं अंडीउत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिति स्थापन झाली, आणि रविवार असो कीं सोमवार, अंडें खाच, अशी तिची जाहिरात घरोघर पोहोंचली; अंडें गरिबाच्या ताटांत आलें तें स्वस्त राहिलें म्हणून. “तुम्ही म्हणतां खणांत दोनच ठेव. ठेवतों. मग अंडें महाग होईल. तुम्ही घ्याल, सर. माझ्या गड्याची पोरगी नाहीं खाणार.” आमच्या सौभाग्यवती बरोबर होत्या. त्या इतका वेळ गप्प होत्या, म्हणाल्या, “अरे, पण तुझ्या गड्याच्या बायकोलाही दोन बाळंतपणांनंतर पाठ धरून बसावें लागतें, हें तूंच मघाशीं सांगितलेंस. तिला कोणी भुश्यावर ठेवतें का?” यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं.

आपल्याकडे कायदा आयोगानें २०१७ सालीं आपल्या २६९ व्या अहवालांत अंडीं देणाऱ्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा आणि वाहतुकीचा विचार केला आहे. सरकारी अहवाल आणि पांच हजार कोंबड्यांची शेड यांच्यामध्यें जें अंतर असतें तें तोडण्याचें काम मात्र अशा कर्जबाजारी माणसांवर येऊन पडतें. तरीही आम्हांला असें दिसतें कीं पुष्कळ दुःख असें आहे, जें थांबविण्यास पैसा फार लागत नाहीं, धीर लागतो. इंग्लंडमध्यें १९८९ सालीं एक पाहणी प्रसिद्ध झाली. म्हाताऱ्या झालेल्या कोंबड्यांना पिंजऱ्यांतून ओढून काढून कत्तलखान्यांत नेईपर्यंतच शेंकडा एकोणतीस कोंबड्यांचें एक ना एक हाड मोडलेलें होतें. एका पायाला धरून, एका हातांत तीन तीन, असें त्यांना खेंचतात. दोन्ही पाय धरून, छातीला आधार देऊन काढलें तर मोडतोड कमी होते. वेळ जास्त लागतो, एवढेंच.

आमचा विद्यार्थी वादांत हरला नाहीं, आणि आम्हांला त्याला हरवावयाचेंही नव्हतें. पण पावसाळ्याच्या तोंडीं त्याचें पत्र आलें. पत्र म्हणजे दूरध्वनीवर पाठविलेला मजकूर. परंतु मायना ‘सप्रेम नमस्कार’ असाच, ही आमच्या वर्गाची पुण्याई. शिंपल्याचा आणि चुनखडीचा जाडसर चुरा तो आतां सकाळऐवजीं दुपारीं उशिरां घालतो. जाड खडे पोटांत रात्रभर टिकतात आणि कवच घडण्याच्या वेळींच विरघळतात, म्हणजे हाडाच्या कोठारावरची उचल तेवढी कमी. छपरावर गोणपाटें टाकून त्यांवर पाणी सोडण्याची सोय केली आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट : उत्तरेकडच्या एका सबंध ओळींत खणागणिक चाराऐवजीं तीनच कोंबड्या ठेवल्या आहेत. एकीच्या वांट्याला आतां नव्वद चौरस इंच. टंकलेखनाचा कागद अजूनही थोडा मोठाच. दोन्ही ओळींचीं अंडीं, फुटकीं अंडीं, मेलेल्या आणि पाय गेलेल्या कोंबड्या यांची वही तो वेगवेगळी ठेवतो आहे. चाराच्या ओळीपेक्षां तिनाच्या ओळींत अंडीं एकूण कमी पडणार हें उघडच आहे; प्रश्न एवढाच कीं फुटकीं आणि मेलेलीं वजा जातां तूट किती राहते. बँकेचा माणूस दिवाळीनंतर येतो, तोंपर्यंतचे आंकडे तो आम्हांला कळविणार आहे.